शुभ सकाळचा फोटो, पेगॅसस आणि बाबांचा फोन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही तीन प्रश्न आहेत. आधी मला समजलं ते मांडतो, चुकत असेन तर सांगा. बाबा रिटायर्ड आहेत, चार-पाच ग्रुपवर आहेत, आणि त्यांच्याकडे तो जुना फॉरवर्ड आलाय की चिनी हॅकर शुभ सकाळच्या फोटोंमध्ये कोड लपवतात आणि फोटो उघडला की बँकेचं खातं साफ. तेव्हापासून ते येणारा प्रत्येक फोटो न बघता डिलीट करतायत, नातीच्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटोसुद्धा. तुमचा चुलतभाऊ म्हणतो हे सगळं थोतांड, व्हॉट्सॲप एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहे, काही होत नाही. आणि तुम्ही विचारताय की मग पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनांत कसं घुसलं होतं, फोटोतून खरंच फोन हॅक होतो का, आणि घरातल्या सगळ्यांना सिग्नल या दुसऱ्या चॅट ॲपवर न्यावं का.

मी पुण्यात चौदा वर्षं ॲप सिक्युरिटी टेस्टिंग करतोय, म्हणजे कंपन्या आपलं ॲप आमच्या हातात देतात आणि म्हणतात फोडून दाखवा. चॅट असलेली ॲप त्यात भरपूर येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, बाबांची भीती चुकीच्या जागी आहे पण निराधार नाही, आणि चुलतभावाचा बिनधास्तपणा जास्त महागात पडू शकतो.

चुलतभावापासून सुरुवात करू. एन्क्रिप्शन म्हणजे मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो, मधे सर्व्हरवाल्याला, मोबाइल कंपनीला, हॉटेलच्या वायफायवाल्याला काही वाचता येत नाही. व्हॉट्सॲपने हे एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांसाठी पूर्ण केलं आणि ते काम चांगलं आहे. पण हे कुलूप रस्त्यासाठी आहे. घरी पोचलेलं पार्सल उघडतो तो फोनवरचा कोड, फोटो असेल तर फोटो वाचणारा, स्टिकर असेल तर वेबपी हा चित्राचा फॉरमॅट वाचणारा, कॉल असेल तर आवाजाची पाकिटं जुळवणारा, लिंक असेल तर तिचा प्रीव्ह्यू काढणारा. हा कोड बराचसा सी नाहीतर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, त्यातला काही वीस-पंचवीस वर्षं जुना, आणि त्याला कुणाही अनोळखी माणसाने पाठवलेलं काहीही खावं लागतं. भोकं असतात ती इथे. आणि गंमत अशी की एन्क्रिप्शनमुळेच मधल्या सर्व्हरला पार्सलच्या आत डोकावता येत नाही, म्हणजे कुणी विषारी फाइल पाठवली तर तीही तेवढ्याच इमानदारीत, सीलबंद, तुमच्या दारापर्यंत पोचवली जाते.

एक उदाहरण जवळून दाखवतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमधलं एक भोक जाहीर झालं, सीव्हीई-२०१९-११९३२ हा त्याचा जागतिक यादीतला नंबर, नवीन जॉइन झालेल्या मुलांना मी अजून हेच शिकवतो. व्हॉट्सॲप गिफचा प्रीव्ह्यू काढायला एक तयार ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड, वापरायचं. गिफ म्हणजे एकामागून एक फ्रेम, आणि फ्रेमचा आकार बदलला की ही लायब्ररी मेमरीतली जागा त्या मापाची करून घ्यायची. आता हल्ला करणाऱ्याने फाइल अशी बनवायची की पहिल्या फ्रेमचं माप नीट, दुसरीचं शून्य, तिसरीचंही शून्य. शून्य मापाची जागा मागणं म्हणजे तिथे 'असलेली जागा परत केली' असं धरलं जातं. मग एकच जागा दोनदा परत झाली.

यात काय एवढं, असं वाटेल. लॉजचा मॅनेजर डोळ्यांसमोर आणा. त्याने वहीत बारा नंबरची खोली दोनदा 'रिकामी' लिहिली. पुढचं गिऱ्हाईक आलं, त्याला बाराची किल्ली, त्याच्या मागून दुसरं आलं, त्यालाही बाराचीच. इथे पहिलं गिऱ्हाईक म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची हिशेबाची वही, ज्यात पुढचं काम कुठे जाऊन करायचं याचा पत्ता लिहिलेला असतो, आणि दुसरं गिऱ्हाईक म्हणजे हल्लेखोराच्या फ्रेममधला मजकूर. दुसऱ्याने पहिल्याची वही खोडून आपला पत्ता लिहिला की संपलं. आणि हे घडायला त्या गिफवर बोट लावायचीही गरज नव्हती, फाइल फोनमध्ये आलेली असताना तुम्ही मावशीला कसला तरी फोटो पाठवायला म्हणून व्हॉट्सॲपची गॅलरी उघडली की प्रीव्ह्यू काढताना हा प्रकार व्हायचा. अर्थात एवढ्यावर भागत नाही, मेमरीतले पत्ते फोन बदलत राहतो, ते कळायला आणखी एक भोक लागतं. पण पहिलं दार उघडलं होतं एवढं खरं. व्हॉट्सॲपच्या २.१९.२४४ व्हर्जनमध्ये ते बुजवलं.

आता पेगॅसस. २०१९ चा तो प्रकार फोटोचा नव्हता, कॉलचा होता. व्हॉट्सॲप कॉलच्या कोडमध्ये बफर ओव्हरफ्लो होता, म्हणजे दहा माणसांच्या खोलीत पंधरा घुसवली तर पाच शेजारच्या खोलीत सांडतात तसं. कॉल जोडताना मागून जी नियंत्रणाची पाकिटं येतात ती मुद्दाम बिघडवून पाठवायची, समोरच्याने फोन उचलला नाही तरी काम होतं. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने हे बुजवलं, जगभरात सुमारे १,४०० लोकांना लक्ष्य केलं होतं असं त्यांनीच सांगितलं, आणि त्या ऑक्टोबरात पेगॅसस बनवणाऱ्या एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीवर कॅलिफोर्नियात केस टाकली. त्या यादीत भारतातले वकील, पत्रकार, कार्यकर्ते होते, आपल्या नागपुरातले वकीलही होते, तेव्हा पेपरांत आलंच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने एनएसओला जबाबदार धरलं. या सगळ्यात एन्क्रिप्शनला कुणी हातही लावला नाही, गरजच पडली नाही, फोनच ताब्यात आल्यावर मेसेज तुमच्याबरोबर बसून वाचता येतात.

आणि फोटोसारखी फाइल हवी असेल तर आयफोनवाल्यांचा २०२१ चा किस्सा. आयमेसेजवर '.गिफ' शेपटी असलेली फाइल यायची, आतून ती असायची पीडीएफ, आणि त्या पीडीएफमध्ये जेबिग२ नावाच्या फॉरमॅटमधलं चित्र. हा फॉरमॅट काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी, फॅक्स-झेरॉक्सच्या जगातला, आज कुणी नावही घेत नाही पण वाचणारा कोड फोनमध्ये बसलेला. हल्लेखोरांनी त्या फॉरमॅटमधल्या ठिपके मिसळण्याच्या आज्ञा, सत्तर हजारांहून जास्त, अशा रचल्या की त्यातून एक छोटा कॉम्प्युटरच उभा राहिला, बेरीज करणारा, तुलना करणारा, चित्राच्या पोटात चालणारा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या भोकं शोधणाऱ्या टीमने ते उलगडून लिहिलं तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस कुणी दुसरं काही बोलत नव्हतं. चोरीला शाबासकी द्यायची नसते, पण कारागिरी बघून हात आपोआप कानाला जातात. सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधन गटाने ती फाइल एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनवर पकडली, ॲपलने १३ सप्टेंबर २०२१ ला आयओएस १४.८ देऊन भोक बुजवलं.

हा प्रकार थांबलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने सांगितलं की पॅरागॉन नावाच्या दुसऱ्या इस्रायली कंपनीच्या स्पायवेअरने नव्वदेक लोकांना गाठलं, ग्रुपमध्ये पीडीएफ टाकून. ऑगस्ट २०२५ मध्ये आयफोन आणि मॅकवरच्या व्हॉट्सॲपमधलं आणखी एक निघालं, आपण फोनला लॅपटॉप वगैरे जोडतो त्याच्या सिंकच्या मेसेजमध्ये तपासणी अर्धवट होती, त्यामुळे बाहेरचा माणूस तुमच्या फोनला हव्या त्या पत्त्यावरची गोष्ट उघडायला लावू शकत होता, आणि ती उघडल्यावर ॲपलच्या चित्रं वाचणाऱ्या कोडमधलं दुसरं भोक वापरलं जायचं. दोनशेहून कमी लोकांना व्हॉट्सॲपने सूचना पाठवल्या.

म्हणजे फोटो किंवा फाइल नुसती आल्याने फोन हॅक होऊ शकतो का, तर हो, झालेला आहे. पण वरचे आकडे परत बघा. १,४००. नव्वद. दोनशेहून कमी. साऱ्या जगात. व्हॉट्सॲप वापरणारे दोन अब्जांच्या वर आहेत. असं भोक म्हणजे सोन्याचं अंडं असतं, झेरोडियम नावाची कंपनी २०१९ मध्ये अँड्रॉइडमध्ये न टिचकी मारता शिरणाऱ्या भोकांच्या पूर्ण साखळीला पंचवीस लाख डॉलरपर्यंत द्यायला तयार होती, उघड दरपत्रक लावून. एवढ्या किमतीची वस्तू कुणी 'सुविचार आणि कमळ' अशा फोटोत घालून पन्नास लाख पेन्शनरांना पाठवत नाही, कारण एवढ्या फोनमध्ये गेली की दोन दिवसांत कुणाच्या तरी हाती लागते, बुजवली जाते, पंचवीस लाख पाण्यात. तो चिनी हॅकरवाला फॉरवर्ड म्हणूनच खोटा. तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे म्हणून नव्हे, धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा आहे म्हणून.

इथे एक 'पण' आहे, तो तुमच्या घरावर अवलंबून. घरात कुणी पत्रकार असेल, मोठ्या केसमधला वकील असेल, आंदोलनात असेल, राजकारणात वरच्या जागी असेल, तर वरचं सगळं विसरा, त्यांना कुणी पंचवीस लाख डॉलरच्या वस्तूतला एक वापर खर्च करण्याइतकं महत्त्वाचं समजू शकतं. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ॲपलकडून इशारे आले होते ते आठवत असतील, विरोधी पक्षांचे खासदार, पत्रकार यांना, महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या एक खासदारही त्यात होत्या. अशा माणसाने आयफोनवर लॉकडाउन मोड लावावा, २०२२ पासून आयओएस १६ मध्ये आलाय, तो मेसेजमधल्या बहुतेक अटॅचमेंट, लिंकचे प्रीव्ह्यू वगैरे बंदच करतो, थोडं गैरसोयीचं होतं पण भोकाची जागाच कमी होते. बाबा रिटायर्ड शिक्षक असतील आणि ग्रुप सोसायटीचे, बॅचचे, भजनी मंडळाचे असतील तर हा त्यांचा धोका नाही.

त्यांचा धोका मी सांगतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय सध्या घरोघरी.

मागच्या लग्नसराईत आमच्याच सोसायटीतल्या एका काकांचा फोन माझ्याकडे आला. रात्री दोनच्या सुमाराला खात्यातून दोन वेळा पैसे गेलेले, मिळून अठ्ठेचाळीस हजार. काका शपथेवर सांगत होते, "मी काही केलं नाही रे, कुणाला ओटीपी दिला नाही, भाच्याने लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला तेवढा उघडला." मी व्हॉट्सॲप उघडून बघितलं. भाच्याच्याच नंबरवरून आलेलं होतं खरं, खाली 'सहकुटुंब यावे, मामा' असंही लिहिलेलं. पण तो फोटो नव्हता. करड्या चौकोनात फाइल होती, नाव शुभविवाहपत्रिका, आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके. म्हणजे ॲप. भाच्याचा फोन आधीच पडला होता आणि त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना ती पत्रिका आपोआप गेली होती.

घरी येऊन ती फाइल लॅपटॉपवर घेतली आणि जॅडएक्समध्ये उघडली, हे ॲपचा कोड परत वाचण्याजोगा करणारं टूल आहे. आत लग्नाचं काहीच नव्हतं, एक गणपतीचं चित्र आणि 'लोड होत आहे' असं फिरणारं चक्र. बाकी सगळा भाग एसएमएसचा. मेसेज आला की आधी मला दे अशी नोंद, पाठवणारा कोण आणि मजकूर काय ते उचलून टेलिग्रामवरच्या एका बॉटला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याला, पाठव, त्या बॉटची किल्ली तिथेच साध्या अक्षरांत लिहिलेली, लपवायचेसुद्धा कष्ट नाहीत. एकदा परवानग्या मिळाल्या की स्वतःचा आयकॉन गायब करून टाक. एवढंच. यात मेमरी नाही, दोनदा रिकामी केलेली खोली नाही, कॉलेजमधलं पोरगं एका दुपारी लिहील असा कोड. पंचवीस लाख डॉलर वाचले ते कसे, तर काकांच्या अंगठ्याने. मी नंतर त्याच मॉडेलच्या टेस्ट फोनवर ती बसवून बघितली, मधे किती वेळा फोन विचारतो ते मोजलं. फाइलवर टिचकी, मग 'या सोर्सवरून इन्स्टॉल करता येणार नाही', मग सेटिंगमध्ये जाऊन परवानगी, मग इन्स्टॉल, मग प्ले प्रोटेक्ट या गूगलच्या तपासणीचा इशारा, मग तरीही इन्स्टॉल करा, मग एसएमएसची परवानगी. सात वेळा. काकांना यातलं एकही आठवत नव्हतं, त्यांच्या डोक्यात त्यांनी फोटोच उघडला होता. खोटं बोलत नव्हते ते. 'व्हॉट्सॲपवर फोटो उघडला आणि पैसे गेले' ही बातमी तुम्ही वाचली असेल ना, माझ्या हाताखालून गेलेल्या अशा फोनांत दर वेळी शेवटी एक एपीकेच निघालीय, पत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी, वीजबिल. नावं बदलतात, आतला माल तोच.

बाबांना समजवायचं तर मग असं सांगा. फोटो बघा, हवे तेवढे बघा, नातीचे तर बघाच. फोन 'इन्स्टॉल' हा शब्द दाखवायला लागला की थांबा आणि मला फोन करा, पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही.

दुसरा प्रकार कॉम्प्युटरवरचा आहे, हा बाबांपेक्षा तुमच्या कामाचा. विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमध्ये एप्रिल २०२५ मध्ये एक भोक जाहीर झालं, मला विचाराल तर गिफवाल्यापेक्षा जास्त घातक, कारण फार साधं आहे. आलेली फाइल काय आहे हे दाखवताना ॲप पाठवणाऱ्याने लावलेल्या लेबलवर विश्वास ठेवायचं, आणि उघडताना मात्र फाइलच्या नावाच्या शेपटीवर. लेबल लावलं 'चित्र', शेपटी ठेवली ईएक्सई, तर चॅटमध्ये दिसायचं चित्र आणि टिचकी मारल्यावर चालायचा प्रोग्रॅम. २.२४५०.६ व्हर्जनमध्ये बुजवलं. टेलिग्रामचंही असंच, २०२४ मध्ये ईसेट कंपनीच्या लोकांना सापडलं की अँड्रॉइडवर एपीके पाठवून ती चॅटमध्ये व्हिडिओसारखी दाखवता येते, आणि त्याआधी २०१८ मध्ये विंडोजवरच्या टेलिग्राममध्ये तर नुसतं उजवीकडून डावीकडे लिहिणारं अदृश्य अक्षर नावात घालून जावास्क्रिप्टची फाइल पीएनजी असल्यासारखी दिसायची, उर्दू-अरबीसाठी असलेलं ते अक्षर. आम्ही अजूनही नवं चॅट ॲप टेस्टिंगला आलं की पहिल्या तासात ही अक्षराची युक्ती करून बघतो, आणि अजूनही लागू पडते कधी कधी. सीएच्या ऑफिसात, वकिलांकडे, डॉक्टरांच्या रिसेप्शनवर दिवसभर व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडं असतं आणि येईल त्या झिपवर टिचकी मारणं हेच तिथलं काम असतं, त्यांना मी फोनपेक्षा याची जास्त भीती घालतो. तिथे अनोळखी नंबरची फाइल आधी फोनवर बघायची, कॉम्प्युटरवर नाही, एवढी एक सवय लावून घेतली तरी बरंच.

तिसरा प्रकार, ज्यात भोकच नाही. 'हा फोटो तुमचाच आहे ना?' म्हणून लिंक येते, ओळखीच्या माणसाकडून, उघडली की पान म्हणतं फोटो बघण्यासाठी नंबर टाका, मग आठ अक्षरांचा कोड दाखवतं आणि म्हणतं हा व्हॉट्सॲपमध्ये टाका. तो कोड म्हणजे नवं डिव्हाइस जोडायचा कोड. टाकलात की चोराचा कॉम्प्युटर तुमच्या व्हॉट्सॲपला अधिकृतपणे जोडला गेला, चॅट त्याला दिसणार आणि तुमच्या फोनवर सगळं नेहमीसारखं चालू राहणार, त्यामुळे महिनोन्महिने कळत नाही. सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइसेसची यादी असते, महिन्यातून एकदा उघडून बघा, ओळखीचं नसेल ते काढून टाका. दहा सेकंदांचं काम आहे.

आता सिग्नलवर जावं का. सिग्नल चांगलं आहे, मी वापरतो, तुमच्याबद्दल कमीत कमी माहिती साठवतं, आणि कुणाला फक्त गुप्ततेसाठी हवं असेल तर तेच सांगेन. पण 'सिग्नलवर गेलो म्हणजे हॅक होणार नाही' हे गणित बसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलने सांगितलं की रशियाच्या बाजूचे हॅकर सिग्नल वापरणाऱ्यांना खोटा क्यूआर कोड स्कॅन करायला लावून असंच डिव्हाइस जोडून घेतायत, वर सांगितलेली युक्तीच. त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेच्या मंत्र्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलच्या ग्रुपवर केली आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एका मासिकाचा संपादक ॲड झालेला होता. एन्क्रिप्शन काय करणार तिथे. काकांची ती एपीके सिग्नलवरूनही आली असती आणि तितकीच चालली असती, कारण ती एसएमएस वाचते, चॅट नाही.

टेलिग्रामबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, लोकांचा गैरसमज आहे की ते जास्त सिक्युअर. साधं चॅट आणि ग्रुप तिथे एंड टू एंड एन्क्रिप्टेड नसतात, फक्त सीक्रेट चॅट असतं, ते वेगळं सुरू करावं लागतं आणि दोघांतच होतं. आणि तुमचा चुलतभाऊ, जो एन्क्रिप्शनवर एवढा विसंबून आहे, त्याच्या फोनवर जीबी व्हॉट्सॲप आहे का बघा बरं. अशा पोरांच्या फोनवर हमखास सापडतं, ब्लू टिक लपवायला आणि डिलीट केलेले मेसेज वाचायला. दुसऱ्याच कुणीतरी बदललेलं ॲप म्हणजे कुलूप कंपनीचं पण किल्ली बनवणारा अनोळखी. मे २०२५ मध्ये अमेरिकेत हेच झालं, सिग्नलची बदललेली आवृत्ती सरकारी लोक वापरत होते, मेसेज साठवून ठेवायची सोय घातलेली, आणि ती सोय पुरवणाऱ्या टेलिमेसेज कंपनीचा सर्व्हरच फुटला.

एक आडवळणाची गोष्ट सांगतो, कारण ती कुणी विचारत नाही. व्हॉट्सॲप, सिग्नल, आयमेसेज यांच्यामागे जगातले चांगले लोक भोकं शोधत बसलेले असतात, सापडलं की चार दिवसांत बुजतं. माझ्या कामात मला खरा घाम फुटतो तो छोट्या ॲपमधल्या चॅटला. एका हाउसिंग सोसायट्यांसाठीच्या ॲपमध्ये, नाव घेत नाही, भाडेकरूंची कागदपत्रं चॅटमध्ये पाठवायची सोय होती. मी माझा फोटो पाठवला, त्याच्या लिंकचा पत्ता बघितला, शेवटी एक आकडा. आकडा एकने कमी केला आणि एंटर मारलं. समोर कुणाचं तरी आधार कार्ड. आणखी एकने कमी, दुसरं आधार. लॉगिन आहे का हेसुद्धा तपासत नव्हतं. दुसऱ्या एकात लिंकचा प्रीव्ह्यू सर्व्हर स्वतः जाऊन आणायचा, मी त्याला कंपनीच्या आतल्या मशीनचा पत्ता दिला, त्याने बिचाऱ्याने आतलं पान आणून प्रीव्ह्यू म्हणून चॅटमध्ये चिकटवलं. शाळेचं ॲप, सोसायटीचं ॲप, क्लासचं ॲप, यांच्या चॅटमध्ये आधार-पॅन पाठवू नका, हवं तर प्रत्यक्ष नेऊन द्या.

बाबांच्या फोनवर मी काय करेन ते सांगतो, रविवारी अर्ध्या तासात होईल. प्ले स्टोअर उघडून व्हॉट्सॲपसकट सगळं अपडेट आणि ऑटो अपडेट चालू, वर सांगितलेली बहुतेक भोकं अपडेटनेच बुजलीयत हे बाबांना आवर्जून दाखवा, त्यांना 'अपडेट केलं की फोन स्लो होतो' असं कुणीतरी सांगितलेलं असणार. सेटिंगमध्ये 'अननोन ॲप' शोधा, व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांपुढची परवानगी बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद, यामुळे विषारी फाइलचा एक रस्ता कमी होतो आणि खरा फायदा म्हणजे फोनमध्ये जागा उरते. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा, जन्मसाल सोडून काहीही. अनोळखी नंबरचे कॉल सायलेंट करायची सोय आहे, ती चालू. बॅकअप गूगल ड्राइव्हवर जात असेल तर तो आपोआप एंड टू एंड एन्क्रिप्टेड नसतो, ऑक्टोबर २०२१ पासून तशी सोय दिलीय पण ती स्वतः चालू करावी लागते, आणि पासवर्ड विसरला तर बॅकअप गेला, त्यामुळे हे बाबांच्या बाबतीत मी तुमच्यावर सोडतो, माझ्या आईच्या फोनवर मी चालू केलेलं नाही.

आणि समजा कधी पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग बाकी चौकशी. काकांनी सकाळी साडेसातला १९३० लावला म्हणून दुसऱ्या वेळी गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली, पहिली गेली ती गेली. असा फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, नुसतं ॲप काढून भागत नाही, कागदोपत्री तक्रार झाली की फॅक्टरी रीसेट.

राहता राहिलं एक, ज्याचं उत्तर तुमच्या माहितीशिवाय देता येत नाही. तुम्ही लिहिलंय फोन 'जुना सॅमसंग' आहे. जुना म्हणजे किती? व्हॉट्सॲप अपडेट होत राहतं, पण चित्रं वाचणारा बराच कोड अँड्रॉइडचा स्वतःचा असतो आणि तो कंपनीने अपडेट देणं थांबवलं की तसाच राहतो. सेटिंग, अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फर्मेशन, तिथे अँड्रॉइड सिक्युरिटी पॅच लेव्हल असं लिहिलेलं असेल, पुढे तारीख. ती इथे टाका, मग सांगतो एवढ्यावर भागेल की दिवाळीला बाबांना नवा फोन.